बायनरी शिकायचीय? आधी जुन्या नाण्यांचा डबा उघडा

माझी पुतणी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर ब्रँचला. दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "काका, बायनरीची गणितं येतात मला, मार्कही पडतात, पण दोनने भागून झालं की बाक्या खालून वर का वाचायच्या ते काही कळत नाही. वाचायच्या असतात म्हणून वाचते."

प्रश्न एकदम बरोबर होता. बायनरीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ ने संख्या लिहायच्या पद्धतीत, समजून घेण्यासारखं जे आहे ते जवळजवळ सगळं ह्या एका प्रश्नात येतं, बाकी मग आकडेमोड. मी तिची वही मिटून ठेवली आणि आजीचा जुन्या नाण्यांचा पत्र्याचा डबा काढून आणला. त्या दुपारी आम्ही जे केलं तेच इथे नीट पायरी पायरीने लिहितोय, आणि तिला नंतर फोनवर सांगितलेल्या दोनचार गोष्टीपण घातल्यात. कागद पेन्सिल घेऊनच वाचा, नुसतं वाचलं तर सगळं कळल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी उडून जातं.

सात नाणी

१ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे रुपयाचे १०० नये पैसे झाले. त्याच्याआधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. (त्याच्याही खाली पै होती, एका पैशाच्या तीन, पण ती आज बाजूला ठेवू.) आजीच्या डब्यात भोकाचा पैसा होता, तांब्याचा जाडजूड ढब्बू होता, कंगोऱ्यांचा आणा होता, चौकोनी चवली होती, मग पावली, अधेली आणि रुपया. मी ती सातही नाणी सतरंजीवर ओळीत मांडली, मोठं नाणं डावीकडे आणि लहान उजवीकडे, आणि प्रत्येकाखाली खडूने किंमत लिहिली, पैशांमध्ये:

रुपया ६४, अधेली ३२, पावली १६, चवली ८, आणा ४, ढब्बू २, पैसा १

आता ह्या ओळीकडे नीट बघा. प्रत्येक नाणं त्याच्या उजवीकडच्या नाण्याच्या बरोब्बर दुप्पट आहे. बायनरी म्हणजे एवढंच. आपल्या रोजच्या दशमान पद्धतीत एकं, दहं, शतक अशी प्रत्येक जागा दहापट होत जाते, इथे प्रत्येक जागा दुप्पट होते. स्थानिक किंमत ही तिसरी चौथीत शिकलेली गोष्टच आहे, फक्त दहाच्या जागी दोन.

मी पुतणीला म्हटलं, मला ४३ पैसे दे, पण कुठलंही नाणं एकापेक्षा जास्त वापरायचं नाही. तिने आधी रुपयाकडे बघितलं, तो मोठा होतो म्हणून सोडला. अधेली दिली, ३२, राहिले ११. पावली १६ ची, नको. चवली दिली, ८, राहिले ३. आणा ४ चा, नको. ढब्बू दिला, राहिला १. पैसा दिला, संपलं.

आता जे नाणं दिलं त्याच्या खाली १ आणि जे दिलं नाही त्याच्या खाली ०. रुपया ०, अधेली १, पावली ०, चवली १, आणा ०, ढब्बू १, पैसा १. झालं, ४३ बायनरीत ०१०१०११. पुढचं शून्य नाही लिहिलं तरी चालतं, १०१०११.

मग मी विचारलं, हेच ४३ दुसऱ्या कुठल्या नाण्यांनी देता येतील का, अट तीच, एक नाणं एकदाच. तिने पाचेक मिनिटं खटपट केली आणि जमलं नाही, जमणारच नाही, कारण अधेली सोडली तर उरलेली लहान नाणी सगळी मिळून १६+८+४+२+१ म्हणजे ३१ च होतात, ४३ ला पुरतच नाहीत. प्रत्येक पायरीला असंच होतं. म्हणून प्रत्येक संख्या बायनरीत एकाच प्रकारे लिहिता येते, ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकतात, पण नाणी हातात घेऊन बघितली की कायमची पटते.

आणि २ किंवा ३ हे अंक का नाहीत? कारण दोन पैसे जमले की त्यांचा ढब्बू करून टाकायचा, दोन ढब्बू झाले की आणा. एकाच किमतीची दोन नाणी खिशात ठेवायचीच नाहीत. बेरजेतला हातचा म्हणजे पण हेच, १ आणि १ मिळून १०, म्हणजे इथे शून्य ठेवा आणि पुढच्या जागेला एक हातचा द्या.

बायनरीवरून आपल्या आकड्यात

ही सोपी दिशा, त्यामुळे पटकन सांगतो. समजा ११०१० दिलंय. उजवीकडून सुरू करून प्रत्येक अंकाच्या वर १, २, ४, ८, १६ लिहा आणि जिथे १ आहे तेवढ्याच किमती मिळवा. १६+८+२, उत्तर २६. इथे चूक होते ती फक्त डावीकडून किंमती लिहायला सुरुवात केल्यामुळे. पैसा नेहमी उजव्या टोकाला.

१, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४ ही दुपटीची ओळ मात्र पाढ्यासारखी पाठ करा. ह्या सगळ्या विषयात घोकण्यासारखी एवढी एकच गोष्ट आहे.

लांबलचक बायनरी आली की किंमती लिहीत बसायला कंटाळा येतो, तिथे मला दुसरी रीत आवडते. डावीकडून एकेक अंक घ्यायचा, हातात असलेली संख्या दुप्पट करायची आणि तो अंक मिळवायचा. १०१०११ घ्या. पहिला १, हातात १. पुढचा ०, दुप्पट २ अधिक ०, झाले २. पुढचा १, दुप्पट ४ अधिक १, ५. पुढचा ०, १०. पुढचा १, २१. शेवटचा १, ४३. तोंडी होतं, कागदसुद्धा लागत नाही. मधे आलेले आकडे लक्षात ठेवा, १, २, ५, १०, २१, ४३, आत्ता लगेच परत भेटणारेत.

आपल्या आकड्यावरून बायनरीत, आणि खालून वर का

एक रीत वर झालीच, मोठ्या नाण्यापासून देत यायचं. शंभर दोनशेपर्यंतच्या संख्येला हीच रीत भराभर होते आणि डोकं जागं ठेवून करावी लागते म्हणून मला तीच जास्त आवडते. पण परीक्षेत सहसा भागाकाराचीच मागतात, दोनने भागत जा आणि बाकी लिहा.

पुतणीला मी आता उलटं काम दिलं. सतरंजीवर ४३ शेंगदाणे ओतले आणि म्हटलं, हे ४३ सुटे पैसे आहेत, ह्यांचे मोठे मोठे बंदे करून दे.

सुट्या पैशांच्या जोड्या लावल्या, २१ ढब्बू झाले आणि १ पैसा एकटा उरला.
२१ ढब्बूंच्या जोड्या, १० आणे झाले, १ ढब्बू उरला.
१० आण्यांच्या जोड्या, ५ चवल्या, उरलं काही नाही, ०.
५ चवल्यांच्या जोड्या, २ पावल्या, १ चवली उरली.
२ पावल्यांची १ अधेली, उरली ०.
१ अधेलीला जोडीच नाही, रुपया ०, उरली १ अधेली.

तिने उरलेल्या नाण्यांकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाली, "काका, पहिली बाकी म्हणजे तर पैसा! तो उजवीकडे जायला पाहिजे!"

बस, एवढंच आहे ते. पहिल्या भागाकाराची बाकी सगळ्यात लहान नाण्याची, शेवटच्या भागाकाराची बाकी सगळ्यात मोठ्या नाण्याची, आणि संख्या लिहिताना मोठी जागा डावीकडे असते म्हणून शेवटची बाकी आधी लिहायची. खालून वर वाचलं की १०१०११. वरून खाली वाचलं तर ११०१०१ येतं, म्हणजे ५३, साफ चुकीचं. आणि भागाकारात आलेले आकडे बघा, ४३, २१, १०, ५, २, १, मगाचेच, उलट क्रमाने. दुप्पट करत जाणं आणि अर्धं करत जाणं एकाच जिन्यावरून चढणं उतरणं आहे. नियम विसरलात तर कुठलीही छोटी संख्या घ्या, ६ घ्या, ६ म्हणजे आणा आणि ढब्बू, ११०, करून बघा आणि कुठल्या दिशेने वाचल्यावर ११० येतं ते बघा, नियम परत मिळतो.

आता एक मोठी संख्या स्वतः करा, १५६. उत्तर देतो, १२८+१६+८+४, म्हणून १००१११००. भागाकाराने केलंत तर बाक्या ०, ०, १, १, १, ०, ०, १ ह्या क्रमाने येतील. आठ अंक झाले, आठ बिट, म्हणजे एक बाइट. बाइटमध्ये सगळ्यात मोठी संख्या ११११११११, ती २५५, आणि शून्य धरून एकूण २५६ संख्या. वायफाय राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो ना, त्यातला प्रत्येक आकडा एक बाइट आहे म्हणूनच तो कधी २५५ च्या वर जात नाही. १९२ म्हणजे ११०००००० आणि १६८ म्हणजे १०१०१०००, तपासून बघा.

कॉम्प्युटर दोनच अंक का वापरतो ह्याचं कारण साधं आहे. सर्किटमध्ये व्होल्टेज कमी आहे का जास्त एवढंच ओळखायचं असेल तर थोडीफार गडबड झाली, तापमान वाढलं, तार लांब झाली तरी चूक होत नाही. दहा वेगवेगळ्या पातळ्या ओळखायच्या म्हटलं तर दोन पातळ्यांतलं अंतर इतकं कमी राहतं की जरा काही झालं की ६ चा ७ होणार.

यमाताराजभानसलगा

इथे थोडं थांबतो, कारण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शाळेत मराठीच्या तासाला वृत्तं शिकताना लघु गुरु आणि गण केलेत ना? तीन अक्षरांचा एक गण, प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु, म्हणून २×२×२, आठ गण. य म त र ज भ न स. लघुला ० आणि गुरुला १ लिहा, गण म्हणजे तीन बिटच्या संख्या होतात. "यमाताराजभानसलगा" हे आठवणीसाठीचं सूत्र ० आणि १ मध्ये लिहिलं तर ०१११०१०००१ येतं, आणि त्यात कुठूनही लागोपाठची तीन अक्षरं उचला, दरवेळी वेगळा गण मिळतो, आठच्या आठ गण एकदा आणि एकदाच. य साठी यमाता ०११, म साठी मातारा १११, त साठी ताराज ११०, असं शेवटच्या सलगा ००१ पर्यंत. किती घट्ट विणलंय बघा.

छंदशास्त्रावर सूत्रं लिहिणाऱ्या पिंगलाने तर ह्याच्याही पुढची गोष्ट दिलीय. सगळ्या गणांची ठरलेल्या क्रमाने यादी केली, त्याला प्रस्तार म्हणतात, तर त्यातला अमुक क्रमांकाचा प्रकार कुठला हे यादी न लिहिता कसं काढायचं? रीत अशी, क्रमांक सम असेल तर लघु लिहा आणि अर्धा करा, विषम असेल तर गुरु लिहा, एक मिळवा आणि मग अर्धा करा. सहावा गण काढू. ६ सम, लघु, अर्धे ३. ३ विषम, गुरु, एक मिळवून ४, अर्धे २. २ सम, लघु. लघु गुरु लघु, म्हणजे ज गण, आणि पिंगलाचा क्रम म य र स त ज भ न असाच आहे, ज सहावाच. ही तीच दोनने भागायची रीत आहे. फरक दोनच, त्याची मोजणी शून्याऐवजी १ पासून सुरू होते म्हणून तो "एक मिळवा" येतो, आणि उरलेली गोष्ट तो डावीकडून उजवीकडे लिहीत जातो, उलटवत नाही. युरोपात लाइबनिट्झ ह्या जर्मन गणितज्ञाचा बायनरीवरचा लेख १७०३ सालचा, पिंगल त्याच्या कितीतरी शतकं आधीचा. पिंगलाने कॉम्प्युटर शोधला वगैरे जे फॉरवर्ड फिरतात त्यांच्यात काही अर्थ नाही, तो कवितेच्या चाली मोजत होता, आणि तेवढ्यातही त्याने जे केलं ते थक्क करणारं आहे.

तीन तीनचे आणि चार चारचे गट

बायनरी माणसाला वाचायला फार लांब पडते. म्हणून तिचे गट करून लिहितात. तीनचे गट केले की ऑक्टल, पाया ८, अंक ० ते ७. चारचे गट केले की हेक्साडेसिमल, सगळे नुसतं हेक्स म्हणतात, पाया १६.

ऑक्टल आता एकाच ठिकाणी हटकून भेटतं, लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल परवानग्यांमध्ये. वाचणं, लिहिणं, चालवणं, तीन परवानग्या म्हणजे तीन बिट, किंमती ४, २, १. ७५५ म्हणजे १११ १०१ १०१, मालकाला तिन्ही, ग्रुपला आणि बाकीच्यांना वाचणं आणि चालवणं. ६४४ म्हणजे ११० १०० १००. पुष्कळ जण हे आकडे नेटवरून उचलून टाइप करतात, पण एकदा गट दिसला की पाठ करायची गरजच राहत नाही.

हेक्स मात्र नीट शिका, कारण ते सगळीकडे आहे. सोळा अंक पाहिजेत आणि आपल्याकडे दहाच, म्हणून पुढचे सहा रोमन अक्षरांनी लिहितात. मी इथे देवनागरीत लिहितोय, स्क्रीनवर कॅपिटल रोमन दिसतील: ए १०, बी ११, सी १२, डी १३, ई १४, एफ १५. पाया १६ चं आपल्याला काही नवल वाटायला नको, रुपयाचे सोळा आणे होते म्हणूनच आपण अजून "सोळा आणे खरं" म्हणतो.

बायनरीवरून हेक्स करायला भागाकार नाही, काही नाही, फक्त उजवीकडून चारचे गट पाडा. १५६ हे १००१ ११००, म्हणजे ९ आणि १२, म्हणून ९सी. ताळा करा, ९×१६ अधिक १२, १५६, बरोबर. आपलं ४३ हे १०१०११, उजवीकडून गट पाडले तर १० १०११, म्हणजे २बी, २×१६ अधिक ११, ४३. डावीकडून पाडले तर १०१० ११, म्हणजे ए३, ते होतात १६३. गट नेहमी पैशाच्या बाजूने, डावीकडे अंक कमी पडले तर तिथे शून्यं भरायची, ००१० १०११.

उलट करताना प्रत्येक हेक्स अंकाचे चार बिट पुरे लिहायचे, ते न लिहिणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. ३ म्हणजे ११ नाही, ००११. पुतणीने ९३३ ला १००१ ११ ११ असं लिहिलं होतं आणि उत्तर १५९ आलं. नीट लिहिलं की १००१ ००११ ००११, ते होतात २३५५. हा २३५५ लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

हेक्सवरून थेट आपल्या आकड्यात यायचं असेल तर किंमती १, १६, २५६, ४०९६. ९३३ म्हणजे ९×२५६ + ३×१६ + ३, २३०४+४८+३. उलट जायचं तर १६ ने भागा, २३५५ ला १६ ने भागून १४७ बाकी ३, १४७ चे ९ बाकी ३, ९ चा ० बाकी ९, खालून वर ९३३. रंगांचे कोड पण असेच, दोन दोन हेक्स अंक लाल, हिरवा, निळा ह्यांचे. एफएफ९९३३ म्हणजे लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१, छान केशरी रंग.

पाव, अर्धा, पाऊण

अपूर्णांकात पोरं घाबरतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण आपल्या मराठीत ह्याचे शब्द तयार आहेत, जुनी माणसं पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ म्हणायची. पॉइंटच्या उजवीकडे जागांच्या किंमती अर्ध्या होत जातात, अर्धा, पाव, आठवा हिस्सा, सोळावा हिस्सा. म्हणून अर्धा ०.१, पाव ०.०१, पाऊण ०.११, सव्वा १.०१, दीड १.१, पावणेदोन १.११, अडीच १०.१. हे एकदा मोठ्याने म्हणून बघा.

रीत अशी की अपूर्णांकाला दोनने गुणत जायचं आणि पॉइंटच्या डावीकडे जे येईल ते उचलायचं. ०.६२५ ची दुप्पट १.२५, उचला १. ०.२५ ची दुप्पट ०.५, उचला ०. ०.५ ची दुप्पट १.०, उचला १. उत्तर ०.१०१. ह्यावेळी वरून खाली वाचायचं, कारण आता पहिली उचललेली जागा सगळ्यात मोठी, अर्ध्याची.

आता ०.१ करून बघा. ०.२ मिळतं, उचला ०. ०.४, उचला ०. ०.८, उचला ०. १.६, उचला १. ०.६ ची १.२, उचला १. राहिलं ०.२, म्हणजे पहिल्या पायरीला जे मिळालं होतं तिथेच परत आलो, हे कधी संपणारच नाही. ०.०००११००११००११... असं चालत राहणार. कॉम्प्युटरकडे जागा मर्यादित, तो कुठेतरी तोडतो, आणि म्हणून पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ दिसतं. हा बग नाही. जुन्या रुपयाचा दहावा हिस्सा काढून बघा, ६४ भागिले १०, ६.४ पैसे. सात नाण्यांपैकी कुठलीही घ्या, १९५७ च्या आधी रुपयाचा नेमका दहावा भाग देताच येत नव्हता. १०० पैसे झाले आणि तो प्रश्न मिटला. म्हणून हिशेबाचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पैसे पॉइंटवाल्या आकड्यात ठेवू नका, सगळी रक्कम पैशांमध्ये, पूर्ण संख्येत ठेवा आणि दाखवतानाच रुपये करा.

ऋण संख्यांचं थोडक्यात. आठ बिटमध्ये सगळ्यात डावीकडच्या जागेची किंमत १२८ न धरता उणे १२८ धरतात, म्हणजे ते एक नाणं उधारीचं. उणे ४३ काढायचे तर ४३ आठ बिटमध्ये लिहा, ००१०१०११, सगळे अंक उलटे करा, ११०१०१००, एक मिळवा, ११०१०१०१. ताळा: उणे १२८, अधिक ६४, १६, ४ आणि १, मिळवले ८५, राहिले उणे ४३. टूज कॉम्प्लिमेंट म्हणतात ते हेच, आणि फायदा असा की वजाबाकीसाठी वेगळं सर्किटच लागत नाही, बेरजेचंच चालतं.

आता एक खरं काम: मराठी लिंक वाचायची

मराठी विकिपीडियाची लिंक कॉपी करून कुठे पेस्ट केलीत तर बऱ्याचदा मराठी शब्दाच्या जागी %ई०%ए४%... असली लांबलचक रांग येते. पुतणीला वाटायचं लिंक बिघडली. ती बिघडलेली नसते, ते मराठीच असतं, हेक्समध्ये. आता तुम्हाला ते हाताने वाचता येईल.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला नंबर दिलाय आणि देवनागरीला हेक्स ०९०० ते ०९७एफ ह्या १२८ जागा आहेत. हे नंबर साठवायची जी पद्धत नेटवर चालते ती यूटीएफ-८, त्यात आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. लिंकमध्ये प्रत्येक बाइटच्या आधी टक्क्याचं चिन्ह येतं, म्हणून एका अक्षराला एवढी रांग. (जुन्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं बसायची आणि मराठीची ७० च, तेही बिटमुळेच. मेसेज १४० बाइटचा, म्हणजे ११२० बिट, इंग्रजीला अक्षरामागे ७ आणि मराठीला १६, भागून बघा.)

चला, %ई०%ए४%बी३ हे अक्षर वाचू. टक्के काढून टाका, ई० ए४ बी३.

प्रत्येक हेक्स अंकाचे चार बिट लिहा:
ई० म्हणजे १११० ००००
ए४ म्हणजे १०१० ०१००
बी३ म्हणजे १०११ ००११

तीन बाइटच्या अक्षरात पहिल्या बाइटच्या सुरुवातीचे १११० हे "पुढे तीन बाइटचं अक्षर आहे" अशी खूण असते, आणि पुढच्या दोन्ही बाइटच्या सुरुवातीचे १० म्हणजे "मी मागच्याचाच भाग आहे" अशी खूण. ह्या खुणा काढून टाका, उरतं ते अक्षर:

०००० १००१०० ११००११

सगळे एका ओळीत जोडा, ००००१००१००११००११. आता उजवीकडून चारचे गट, ०००० १००१ ००११ ००११. हेक्समध्ये ०९३३. म्हणजे मगाचाच २३५५. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात ०९३३ शोधलंत की तिथे ळ बसलेला दिसेल.

पुतणीने हे पहिल्यांदा केलं तेव्हा वीस मिनिटं लागली, दोनदा चुकली, दोन्ही वेळा चारच्या गटात शून्य खाल्लं म्हणून. तिसऱ्यांदा ळ निघाला तेव्हा तिने कागदावर तो एवढा मोठा काढला आणि खाली नाण्यांची नावं लिहिली. जाताना तिला मी एक शब्द लिहून दिला, तोच तुम्हालाही देतो. चार चिन्हं आहेत, दुसरं तुम्हाला माहीत झालंय, चौथं अनुस्वार आहे, उरलेली दोन कागदावर काढा, कॅल्क्युलेटर न वापरता:

ई० ए४ ९५   ई० ए४ बी३   ई० ए४ बी२   ई० ए४ ८२